विश्लेषण : गिधाडे गेली, पारशी अंत्यविधी कसा बदलतोय?

सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्यावर वरळीच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. पारशी समाजाची परंपरा दहनाची नाही. मग हा बदल का?

मूळ परंपरा काय?

झरथुष्ट्री धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र. मृतदेहामुळे त्या विटाळू नयेत, म्हणून दहन आणि दफन दोन्ही वर्ज्य. मृतदेह ‘दोखमा’ या उघड्या छताच्या गोल बांधकामात ठेवतात. बाहेरच्या वर्तुळात पुरुष, मधल्या वर्तुळात स्त्रिया, आतल्या वर्तुळात मुले. गरीब-श्रीमंत असा भेद नाही. पुढचे काम गिधाडांचे. आपला देह शेवटी पक्ष्यांच्या मुखी पडणे, हे अखेरचे दान मानले जाते. मुंबईतील दोखमे मलबार हिलवरील डुंगरवाडीत आहेत.

शोक कसा पाळतात?

अंत्ययात्रेत पांढऱ्या वेशातील माणसे जोडीजोडीने, मधे रुमाल धरून चालतात. आत्मा तीन दिवस इथेच असतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिनवत पूल ओलांडतो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे या चार दिवसांच्या प्रार्थनांना मोठे महत्त्व. अति आक्रोश चांगला मानत नाहीत. तिसऱ्या दिवशीच्या उठमण्याला मृताच्या स्मरणार्थ दान जाहीर करण्याची प्रथा आहे.

गिधाडे का संपली?

गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

मग पर्याय कोणता?

डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवण्यात आले. मात्र पावसाळ्यात त्यांचा उपयोग कमी. काही कुटुंबांनी दहन निवडले, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली : त्यांना डुंगरवाडीच्या बंगल्यांत चार दिवसांच्या प्रार्थना करू दिल्या जात नव्हत्या. म्हणजे देहाचा मार्ग बदलला, तर निरोपाची जागाही हातची जात होती. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह सुरू झाले आणि दहनानंतरही चार दिवसांचे विधी करण्याची सोय झाली.

परंपरावाद्यांचे म्हणणे काय?

दहनाने अग्नी विटाळतो, सूर्यप्रकाश आणि इतर पक्षी पुरेसे आहेत, असे ते मानतात. करोनाकाळात फक्त दहन किंवा दफन करण्याचे सरकारी निर्देश होते. त्याविरुद्ध सुरतच्या पारशी पंचायतीने न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तोडगा निघाला : दोखम्यावर जाळी लावून पक्ष्यांना रोखायचे आणि देह उन्हात सुकू द्यायचा.

पुढे काय?

इराणमधील झरथुष्ट्री आज दफन करतात. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार पारशी होते ५७,२६४. एवढ्या लहान समाजात दोन्ही मार्ग सध्या शेजारी-शेजारी चालू आहेत. देहाचे काय करायचे यावर मतभेद आहेत. चार दिवसांच्या प्रार्थना मात्र दोन्ही बाजूंना हव्या आहेत.