मानेंतील गांठ आणि शस्त्रवैद्याची सुरी

मानेला गांठ दिसली कीं घरांतील मंडळींच्या मनांत दोन शंका येतात. एक क्षयाची, दुसरी कर्करोगाची. मराठींत जिला गंडमाळा म्हणतात ती बहुधा क्षयाची असते. आणि दुसऱ्या शंकेचा निकाल लावणारें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून दादरकरांच्या शेजारींच, परळला आहे. परंतु गांठ कोणती, हें नुसतें चांचपून ठरत नाहीं. तिचा अंश काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावा लागतो. यालाच बायॉप्सी म्हणतात.

येथें क्रम महत्त्वाचा आहे. आधीं तोंड, घसा व स्वरयंत्र तपासावें. कारण मूळ कर्करोग तेथें असल्यास मानेवर घाईनें घेतलेला छेद पुढील उपचारांस अडचणीचा होतो. मग बारीक सुईनें गांठींतील पेशी घ्याव्या. पुष्कळदां तेवढ्यानें निदान होतें. लसिकाग्रंथींच्याच कर्करोगाचा, म्हणजे लिंफोमाचा, संशय असेल तर मात्र पेशींची मांडणी पाहावी लागते. म्हणून शक्यतों अखंड ग्रंथि काढतात.

हा छेद लहान असतो. परंतु जागा नाजूक. मानेच्या बाजूस, कानामागून पुढें उतरणारा स्नायु व खांद्याचा मोठा स्नायु यांच्यामधील त्रिकोणांतून मेंदूचा अकरावा मज्जातंतु त्वचेच्या अगदीं निकट जातो. तो दुखावला तर खांदा उतरतो आणि हात वर जात नाहीं. लोकलमधील कडी धरतां येत नाहीं, फळीवरचा डबा निघत नाहीं. जखम मात्र छान भरलेली असते. त्यामुळें खांदा झोपेंत अवघडला असेल, अशा समजुतीनें महिनोन्‌महिने जातात. तुटलेला तंतु जोडावयाचा तर तो लवकर जोडलेला बरा. रक्तस्राव, पू होणें, कानाची पाळी बधिर होणें, आणि क्षयाच्या गांठींत जखम वाहत राहणें, हे इतर धोके होत.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं घरच्यांनीं दोन गोष्टी विचाराव्या: सुईनें काम भागेल काय, आणि या त्रिकोणांतील शस्त्रक्रियेचा अनुभव कोणास आहे? क्षयाची शंका असल्यास गांठीचा एक भाग फॉर्मॅलिनविना प्रयोगशाळेंत जाईल ना, हेंही पाहावें. फॉर्मॅलिनमध्यें जंतु मरतात व त्यांची वाढ करून पाहतां येत नाहीं. टांके काढतांना रोग्यास दोन्ही हात डोक्यावर नेण्यास सांगावें. या परीक्षेस क्षणभर पुरतो.

भीतीनें गांठ झांकून ठेवणें मात्र सर्वांत वाईट. क्षयाची गांठ साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित औषधानें बरी होते.