साठ हजार टाक्यांचा ड्रेस

स्वेटर विणणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात, पण लोकरीचा अख्खा ड्रेस हातानं विणायचा म्हटलं की, "एवढं कोण करत बसणार?" हे ठरलेलंच! तेव्हा आधी हिशेबच मांडते. आठ नंबरच्या सुईवर माझ्या हाताचे 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी बसतात. घेर 100 सेंटिमीटर, उंची 90. म्हणजे 220 टाक्यांच्या 270 ओळी. बाह्या सोडून 59,400 टाके. मिनिटाला 25 टाके धरले तर चाळीस तास. माझ्या बोटांना संधिवात आहे, रोज अर्ध्या तासापुढे सुई धरवत नाही. सणवार, पाहुणे, दुखण्याचे दिवस धरता सिमल्याच्या लेकीचा ड्रेस सहा-आठ महिने तरी घेणार. सगळा उसवून पुन्हा विणणं परवडणारं नाही.

म्हणून आधी नमुन्याचा चौकोन. बहुतेक जणी नेमका हाच टाळतात. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. 22 ऐवजी 21 निघाले तर त्याच टाक्यांत घेर जवळजवळ 5 सेंटिमीटर वाढतो. शिवाय ड्रेसला स्वतःचं वजन असतं. अर्धा किलो लोकर खांद्यांवरून लोंबते आणि वीण खाली ओढली जाते. नमुन्याला कपड्यांचे चार चिमटे लावून तो रात्रभर टांगला की थोडा अंदाज येतो. सुती दोरा वजनदार आणि कमी लवचीक; त्याच्या वाटेला मी जात नाही.

लोकर एकदमच घ्यावी. सगळ्या गुंड्यांच्या लेबलावर रंगाचा लॉट नंबर एकच हवा.

मी गळ्यापासून खाली विणते. दोन टोकं वायरनं जोडलेल्या गोल सुईवर. टाके बंद केलेल्या कडेकडून वीण सहज उसवते, सुरुवातीच्या कडेकडून नाही. ती बंद कड खाली आली की दोन वर्षांनीही उंची वाढवता येते.

महिनाभर खंड पडला की हात सैल तरी होतो नाहीतर घट्ट. अशा वेळी आधी उरलेल्या लोकरीवर वीसेक ओळी विणाव्यात. अर्धवट काम कोरडं करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, नाहीतर कसर लागते.

लेकीचा ड्रेस आता कमरेपर्यंत आलाय. तिला तो गुडघ्याखाली हवा आहे. माझा अंगठा म्हणतो, गुडघ्यापर्यंत पुरे. दिवाळीत ती आली की अंगाला लावून ठरवू.