गळतो तो सांधा

२३ सप्टेंबर १९९९ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे नासाचं यान मंगळाच्या आड गेलं, ते पुन्हा बोललंच नाही. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या धक्क्यांचे आकडे पौंड-सेकंदांत लिहिले होते. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले. फरक सुमारे ४.४५ पट. आपापल्या जागी दोन्हीकडची गणितं चालत होती. घात झाला तो एकाची फाइल दुसऱ्याने वाचली तिथे.

वेब ॲप्लिकेशनं बनवणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट फार ओळखीची वाटते. पडद्यावर दिसतो तो फ्रंटएंड, सर्व्हरवर हिशेब ठेवतो तो बॅकएंड, आणि दोघांच्या टेस्ट बहुधा वेगळ्या. फ्रंटएंडच्या टेस्टमध्ये खरा सर्व्हर नसतोच. त्याच्या जागी असतो 'मॉक', म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. एकदा आमच्या बॅकएंडवाल्यांनी बिलाची रक्कम रुपयांऐवजी पैशांत पाठवायला सुरुवात केली. निर्णय चांगलाच होता. पूर्णांक वापरले की दशांशाचे घोळ टळतात. त्यांनी आपल्या टेस्ट बदलल्या, सगळ्या हिरव्या. फ्रंटएंडचा मॉक मात्र अजून जुनंच ४५० सांगत होता, म्हणून तिकडेही सगळं हिरवं. दोन्ही भाग चाचणीच्या सर्व्हरवर एकत्र आले, तेव्हा साडेचारशेच्या बिलावर पंचेचाळीस हजार रुपये उमटले.

कोणीही कोडमध्ये बदल टाकला की तो आपोआप उचलून बांधायचा आणि तपासायचा, याला कंटिन्युअस इंटिग्रेशन, थोडक्यात सीआय म्हणतात. जेनकिन्स, गिटहब ॲक्शन्स ही त्याची साधनं. 'इंटिग्रेशन' म्हणजेच एकत्र आणणं. तरीही कित्येक टीममध्ये सीआयवरचे फ्रंटएंड आणि बॅकएंडचे जॉब एकमेकांचं तोंडही न पाहता संपतात. हे मला मनापासून खटकतं.

एकत्र चालवायचं तर कोऱ्या मशीनवर पोस्टग्रेससारखा डेटाबेस उभा करायचा, मायग्रेशन चालवून टेबलं बनवायची, मोजका डेटा भरायचा, बॅकएंड सुरू करायचा, फ्रंटएंडचा बिल्ड त्याला जोडायचा. मग प्लेराइट किंवा सायप्रेससारखं टेस्टचं साधन खराखुरा ब्राउझर चालवून लॉगिन करतं, बटणं दाबतं.

अडतं ते वाट पाहण्यापाशी. बॅकएंड उठायला वेळ लागतो, म्हणून अनेकजण 'स्लीप ३०' लिहून मोकळे होतात. मशीनवर ताण असला की एकतिसावा सेकंद लागतो आणि टेस्ट पडते. त्यापेक्षा बॅकएंडच्या हेल्थ एंडपॉइंटला, म्हणजे 'तयार आहेस का' विचारायच्या पत्त्याला, दर सेकंदाला विचारावं, २०० म्हणजे 'ठीक' असं उत्तर आलं की पुढे जावं, आणि ठरावीक वेळेत आलंच नाही तर बॅकएंडचा लॉग दाखवून थांबावं. दुसरी खोच पत्त्याची. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १७व्या आवृत्तीपासून 'लोकलहोस्ट'चा अर्थ आधी आयपीव्ही६चा पत्ता असा लागू शकतो. बॅकएंड फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर तो धडधडीत चालू असूनही 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येऊ शकतं. यात आमची एक अख्खी दुपार गेली होती.

अशा टेस्ट हळू चालतात, म्हणून त्या थोड्याच ठेवाव्यात. बाकी बारकावे वेगळ्या, झटपट टेस्टनी पाहावेत. पण कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट 'रीरन' दाबून पुढे ढकलू नये. टीमला तसं वळण लागलं की खरी चूकही त्याच बटणाखाली जाते. नापास झालेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट आणि ट्रेस जपून ठेवावा, म्हणजे कारण शोधता येतं.

आमच्या त्या बिलासाठी आता एकच एकत्रित टेस्ट आहे. ती खऱ्या सर्व्हरकडून बिल मागवते आणि पडद्यावर ₹ ४५०.०० दिसतात का, एवढंच बघते.