एका व्यक्तीस दोन विशेषणे : प्रौढ वयात ओळखली जाणारी स्वमग्नता व अवधानदोष

मराठीत माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणाऱ्या शब्दांचे दोन गट सहज पाडता येतात. घुमा, एकलकोंडा, तऱ्हेवाईक, हेकट, छांदिष्ट हे शब्द एका गटातले. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, उतावळा, धरसोड करणारा हे दुसऱ्या गटातले. पहिल्या गटातील माणूस आपल्या ठरलेल्या रीतीस चिकटून राहणारा, तर दुसऱ्या गटातील कोणत्याच रीतीत न टिकणारा, अशी आपली समजूत असते. एकाच माणसास दोन्ही गटांतील विशेषणे लावण्याची वेळ आली की बोलणारा अडखळतो, आणि या दोहोंपैकी एक तरी सोंग असले पाहिजे असा निष्कर्ष ऐकणारा काढून मोकळा होतो. स्वमग्नता आणि अवधान-न्यूनतायुक्त अतिचंचलता, म्हणजे सर्वत्र एडीएचडी या आद्याक्षरांनी परिचित असलेली अवस्था, या दोहोंचे एकत्रित निदान ज्यांच्याबाबतीत प्रौढपणी होते, त्यांच्या वाट्यास आयुष्यभर हाच निष्कर्ष आलेला असतो. शास्त्रीय परिभाषेचीही स्थिती फार वेगळी नव्हती.

स्वमग्नतेचे विवेचन आणि अवधानदोषाचे विवेचन प्रारंभापासून दोन निराळ्या प्रवाहांतून वाहत आले. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांचे वर्णन केले. बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे, व व्हिएन्नात हॅन्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये आणखी काही मुलग्यांचे केले. दुसऱ्या प्रवाहाचा उगम बहुधा जॉर्ज स्टिल यांच्या लंडन येथील १९०२ च्या व्याख्यानांत दाखवला जातो. अमेरिकन मनोविकारवैद्यक संघटनेच्या निदानपुस्तिकेची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. स्वमग्नतेच्या वर्गातील निदान असता अवधानदोषाचे वेगळे निदान करू नये, असा दंडक तीत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणानेही या दोन अवस्थांमध्ये अशीच भिंत उभी केली होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने तो दंडक काढून टाकला, आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात दोन्ही निदाने एकत्र करता येतात. म्हणजे मधली सुमारे दोन दशके जे निदान प्रथम झाले त्याने दुसऱ्याचे दार बंद केले. त्या काळात शाळेत असलेली पिढी आज प्रौढ आहे.

या दोन अवस्था एकमेकींस झाकतात कशा, हे पाहण्यासारखे आहे. स्वमग्न प्रकृतीस नियमितपणा हवा असतो, तर अवधानदोष त्या नियमितपणाचा भंग करतो. वस्तू ठरल्या जागी नसल्यास ज्यास खरोखर क्लेश होतात, तोच त्या वस्तू जागच्या हलवून विसरतो. एका विषयाचा ध्यास घेणारे मन दुसऱ्या विषयाकडे ऐनवेळी वळत नाही, आणि वळलेच तर पहिला विषय अर्धवट टाकून वळते. उतावळेपणामुळे असा माणूस चारचौघांत बोलता असतो, त्यामुळे तो एकलकोंडा वाटत नाही. आणि काटेकोरपणामुळे त्याची कामे अधूनमधून निर्दोष होतात, त्यामुळे तो धांदरट वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास एक सामान्य, किंचित लहरी मनुष्य दिसतो. आतील ओढाताणीचा थकवा मात्र चिंता किंवा खिन्नता या नावाने वैद्याकडे पोहोचतो, आणि पुष्कळदा उपचार तेवढ्याचेच होतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. काजळी नदीच्या मुखाशी, रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस भाट्ये हे गाव आहे. किनाऱ्यावर सुरूचे बन, गावात माडांची आगरे, आणि तेथेच १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र. अशा गावातील एका आगरात वाढलेला धाकटा भाऊ डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक माडाचे वय, कोणत्या माडास कोणत्या वर्षी कीड लागली, कोणता किती नारळ देतो, हे त्यास मुखोद्गत आहे. शिमग्याचे ढोल वाजू लागले की तो मागील पडवीत जाऊन बसतो. पाण्याचा पंप सुरू करून तो बंद करावयाचे विसरतो. विजेचे बिल त्याच्या हातून कधीच वेळेवर भरले गेलेले नाही. परंतु घर एकत्र आहे. हिशेब थोरला भाऊ पाहतो, आठवण वहिनी करून देते, पाहुण्यांशी बोलणे आई सांभाळते. गावात त्यास ‘जरा तऱ्हेवाईक, पण माडांतला जाणकार’ अशी एक ठरलेली जागा आहे. मग आई जाते, वाटण्या होतात, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा मनुष्य एका वर्षात कोलमडतो. त्याच्यात नवे काही उत्पन्न झालेले नसते. त्याच्यातील उणीव आजवर ज्यांनी वाटून घेतली होती ती माणसे तेवढी दूर झालेली असतात.

ही केवळ कल्पना नव्हे, याची साक्ष कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिल्याच मुलाच्या चरित्रात मिळते. डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावचा. १९४२ मध्ये त्यास जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. मोजण्याचा त्याचा नाद त्या जोडप्याने मोडून काढला नाही. नांगरताना मक्याच्या ओळी मोजण्याचे आणि विहिरीची खोली मोजण्याचे काम त्यांनी त्यास दिले. पुढे तो गावच्या बँकेत नोकरीस लागला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा मुलांच्या पुढील आयुष्याचा आढावा घेतला. त्यात संस्थांमध्ये आयुष्य काढलेल्या मुलांची अवस्था याच्या अगदी उलट दिसते. फॉरेस्ट गावी जे घडले ते कोकणातील एकत्र कुटुंबात न बोलता घडत असे. फरक इतकाच की डोनाल्डच्या माणसांस काय चालले आहे हे ठाऊक होते.

पाचव्या आवृत्तीने ही गोष्ट निकषांतच नमूद केली आहे. स्वमग्नतेची लक्षणे बालपणीच असली पाहिजेत. परंतु सामाजिक अपेक्षा व्यक्तीच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट होतीलच असे नाही, आणि पुढे शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकलीही जातात. अवधानदोषाची काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची असावी लागतात; सतरा वर्षांपुढील व्यक्तीस नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात. तेव्हा प्रौढाच्या निदानास बालपणीचा साक्षीदार हवा, आणि येथे कोकणापुढे विशेष अडचण उभी राहते. चाकरमानी मुंबईत, तपासणी मुंबईत, आणि त्याचे बालपण पाहिलेली वृद्ध आई किंवा आत्या गावी. ‘लहानपणी याचे लक्ष कसे असे?’ या प्रश्नास तिचे उत्तर बहुधा ‘गुणी होता’ असे येते. लेकराचा दोष परक्यापुढे उघड करणे तिच्या रीतीत बसत नाही. त्याऐवजी शिमग्यात तो कोठे असे, शाळेची पाटी किती वेळा हरवली, कोणता पदार्थ तो ताटात शिवू देत नसे, असे विचारले तर ती तासभर बोलेल. प्रश्नावलीच्या शब्दशः भाषांतराने हे साधत नाही. त्यासाठी घरचे शब्द माहीत असावे लागतात.

स्त्रियांच्या बाबतीत झाकण अधिक घट्ट असते. अबोल मुलगी शालीन ठरते, पाठ केलेले शिष्टाचार संस्कार ठरतात. घर बदलते ते लग्नाने. आणि तेथे एका दिवसात निराळ्या स्वयंपाकघराची सारी रीत शिकावयाची असते. काहींची ओळख त्याहून उशिरा, अपत्याची तपासणी चालू असताना पटते. दोन्ही अवस्थांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्यामुळे, मुलाविषयीचे प्रश्न वाचताना आईस किंवा बापास स्वतःचेच बालपण वाचल्याचा भास होतो.

भाट्याच्या माणसास साहाय्य भौगोलिकदृष्ट्या दूर नाही. खाडीवरील पूल ओलांडला की शहर, आणि शहरात एकोणिसाव्या शतकापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय. परंतु ज्या प्रांतात ठाणे आणि येरवडा ही गावांची नावेच थट्टेत वेडाची निदर्शक झाली, तेथे अशा संस्थेची पायरी चढण्यास अंतराहून निराळेच काही आड येते. शिवाय पायरी चढली तरी साधने मुख्यतः बालकांसाठी घडलेली आहेत. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मज्जाविकासदोषांच्या मोठ्या पाहणीतही मुले दोन ते नऊ वर्षांचीच होती. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणी चाळीस कलमांची आहे. तीत सत्तरहून कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरले जाते. बोलता-चालता, नोकरी केलेला प्रौढ, ज्याने आपल्या लकबी चाळीस वर्षे लपविल्या, तो त्या रेषेखाली राहण्याचा संभव उघड आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेस स्थान दिले. त्या यादीत अवधानदोष नाही. परिणामी दोन्ही निदाने झालेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावर त्याच्या अडचणींपैकी एकच नोंदली जाते, आणि कचेरीत वेळेवर न पोहोचण्याचे, कागद हरवण्याचे जे कारण असते, ते नेमके नोंदीबाहेर राहते.