दिलेल्या अक्षरांतून शब्दशोध : वर्ण, अक्षर आणि चिन्ह



स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत एक प्रश्न वारंवार आढळतो. एखादा इंग्रजी शब्द देऊन 'याच्या अक्षरांपासून पुढीलपैकी कोणता शब्द तयार होणार नाही?' असे विचारले जाते. आपल्यापैकी काहीजण नोकरी सांभाळून अशा परीक्षांची तयारी करत असतील. मराठीच्या अभ्यासात हा प्रश्न आणण्याचे कारण मात्र वेगळे आहे. तो मराठी शब्दाबाबत विचारला, की 'अक्षर' म्हणजे नेमके काय हे आधी ठरवावे लागते, आणि त्या निर्णयानुसार उत्तर बदलते.

प्रथम इंग्रजीची रीत पाहू. लातूर हे नाव रोमन लिपीत एल, ए, टी, यू, आर या पाच अक्षरांनी लिहितात. ही अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावा : ए, एल, आर, टी, यू. आता 'अल्ट्रा' या इंग्रजी शब्दाची अक्षरे त्याच क्रमाने लावली, तर नेमकी हीच मालिका मिळते. 'रूरल' मात्र तयार होत नाही, कारण त्यात आर दोनदा लागतो. रोमन अक्षर सुटे असते, शब्दात कोठेही ठेवले तरी ते तेच राहते. म्हणून ही रीत सोपी आहे आणि संगणकही तिचा सहज उपयोग करतो.

आता देवनागरीतील 'लातूर' घ्या. यात अक्षरे किती? ला, तू, र अशी तीन, असे उत्तर आपण देतो आणि ते बरोबर आहे. पण व्याकरणाच्या दृष्टीने अक्षर हा एकेरी घटक नव्हे. ल् आ, त् ऊ, र् अ असा विग्रह केला, की वर्ण सहा होतात. (बोलताना शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही; येथे हिशेब लेखनाचा आहे.) अक्षर हे एकक मानले, तर या नावातून 'तू' आणि 'तूर' एवढेच हाती लागते. लातूरच्या बाजारपेठेला तुरीचा मोठा व्यवहार असल्याने हे उत्तर गोड वाटेल, पण यादी तोकडीच आहे. वर्ण हे एकक मानताच रात, तार, ताल, लात असे शब्द मोकळे होतात.

मराठीत दोन्ही एककांना आधार आहे. वृत्तपत्रांतील शब्दकोडी अक्षर मानतात. एका चौकटीत 'तू' मात्रेसकट बसतो. उलट, अठराव्या शतकात मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' रचले, ते ओष्ठ्य वर्ण टाळून. तेथे निर्बंध वर्णावर आहे; 'प' वर्ज्य म्हटला, की पा, पी, पो ही सगळीच अक्षरे वर्ज्य होतात.

संगणकाचा हिशेब तिसराच. युनिकोड पद्धतीत 'लातूर' म्हणजे ल, काना, त, दीर्घ उकार, र अशी पाच चिन्हे. व्यंजनातील 'अ' तेथे वेगळा साठवला जात नाही. तसेच 'आ' हा स्वर आणि काना ही दोन स्वतंत्र चिन्हे ठरतात. वर्णांच्या हिशेबाने 'नांदेड'मधून 'आड' मिळतो, पण निव्वळ चिन्हे जुळवणाऱ्या यंत्राला तो सापडणार नाही. अशा यंत्राचे उत्तर पाहून 'मराठीत शब्दच नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'लातूर'मधून 'तुला' तयार होतो का? होत नाही, तेथे दीर्घ 'ऊ' आहे आणि 'तुला'मध्ये ऱ्हस्व 'उ'. मात्र विभक्तीचा प्रत्यय लावून 'लातुरात' असे लिहिले, की चित्र पालटते. उपान्त्य दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हा लेखननियम आपण अभ्यासला आहे (तूर, पण तुरीचा). आता ला, तु, रा, त या चार अक्षरांतून तुला, तुरा, रात, लात हे सर्व शब्द अक्षराच्या कडक नियमानेही मिळतात. 'तूर' मात्र हातची गेली! शब्द वाक्यात शिरताच आपली अक्षरे बदलतो. इंग्रजीतील नाम सहसा असे करत नाही.

स्वाध्यायासाठी 'नांदेड' घ्या : न्, आ, अनुस्वार, द्, ए, ड्, अ. यातून नाद, दान, नांद, अंडे हे शब्द जुळवून पाहा. 'आनंद' का जुळत नाही, हे 'अ' किती वेळा लागतो ते मोजून लिहा. मग 'दांडे' या शब्दाचा विचार करा. लेखनात तो बिनचूक जुळतो. पण 'नांदेड'मधला अनुस्वार 'द'पूर्वी असल्याने न् असा उच्चारला जातो, आणि 'दांडे'मधला 'ड'पूर्वी असल्याने ण् असा. अनुस्वार हे एकच एकक मानावे की दोन, ते ठरवून आपले उत्तर कारणासह पाच-सहा ओळींत लिहा.