बॅटरीविना मोटार: किमतीचे गणित
नव्या विद्युत मोटारीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असल्यामुळे ती विकत न घेता वापरानुसार भाड्याने घेण्याची, म्हणजेच ‘बॅटरी ॲज अ सर्व्हिस’ ही योजना एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर मोटारीसाठी भारतात आणली, आणि ती खरोखर अभ्यासण्याजोगी आहे. प्रारंभी बॅटरीविना मोटारीची शोरूम किंमत ९.९९ लाख रुपयांपासून व बॅटरीचे भाडे प्रतिकिलोमीटर ३.५० रुपये होते, तर बॅटरीसह तीच मोटार १३.५० लाखांपासून मिळत होती. त्यामुळे सुरुवातीला वाचलेले सुमारे साडेतीन लाख रुपये एक लाख किलोमीटरांत भाड्यापोटी खर्ची पडतात, शिवाय चार्जिंगच्या विजेचा खर्च वेगळा असतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्यास हा टप्पा गाठण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो, मात्र रोज लांबचा प्रवास करणाऱ्यास बॅटरीसह खरेदीच किफायतशीर ठरते.