बिझनेस आर्किटेक्चर : लाभ कसा मोजावा?

'बिझनेस आर्किटेक्चर' म्हटले की अनेकांना पदांचा तक्ता किंवा नवे सॉफ्टवेअर आठवते. प्रत्यक्षात तो संस्थेच्या कामाचा आराखडा असतो. कोणते काम कशासाठी होते, त्याला कोणती क्षमता (संस्थेला सातत्याने जमणारी गोष्ट) लागते आणि माहिती कोणाकडून कोणाकडे जाते, हे त्यात एकत्र मांडलेले असते.

निपाणी भागातल्या ऊस उत्पादकाला हे पाटावरून उमगेल. केवळ मोटरची ताकद पाहून भागत नाही. पाणी कुठे मुरते, कोणत्या सरीला पोचत नाही, हे पाट फिरून पाहिल्यावरच कळते.

बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री घ्या. समजा, ग्राहकाने ड्रॉइंग बदलले. विक्री विभागाला ते कळले, पण पॅटर्न (वाळूत साचा उठवण्याचा नमुना) जुनाच राहिला. ओतकाम चोख होऊनही माल परत येतो. इथे दोष भट्टीचा नसून निरोप अडकल्याचा असतो. आराखड्यात नेमकी ही जागा दिसते.

मात्र आराखडा काढला म्हणजे लाभ झाला, असे नाही. त्यावरून कामाची पद्धत बदलली, तरच लाभ होतो. म्हणून आधीची स्थिती नोंदवून ठेवावी : ऑर्डरपासून रवानगीपर्यंत लागणारे दिवस, परत आलेला माल, दुबार होणारे काम. बदलानंतर तेच आकडे पुन्हा पाहावेत. कच्च्या लोखंडाचा दर उतरल्याने वाढलेला नफा मात्र या खात्यात धरू नये.